शेवटचा भाग, अण्णांनी वाचला तसा

गावात उंदीर पडायला लागले आणि बेळगुंदी पुन्हा एकदा रानात राहायला गेलं. प्लेगच्या साथीत आमची हीच रीत. घराला कुलूप, शेतात झोपडी, आणि आणलेलं सामान कडक उन्हात तापवल्याशिवाय आत घ्यायचं नाही. मी पुस्तकंही उन्हात पसरली.

"धान्य ऱ्हायलं घरात आणि ही रद्दी कशाला आणलासा?" बायको म्हणाली.

रद्दी म्हणे! बोटीतून निघालेल्या एका भावाबहिणीच्या गोष्टीचे ते भाग होते. माझे थोरले भाऊ, अण्णा, लहानपणी बेळगावातून एकेक भाग आणायचे आणि मला वाचून दाखवायचे. माझा जीव होता त्यांच्यावर.

आठवडाही झाला नाही तोच माझ्या लेकीला ताप भरला. बायको सारखी तिच्या काखेत, जांघेत हात घालून गाठ आली का बघायची. मी बायकोवर खेकसायचो. गाठ आली की माणूस हाती लागत नाही, हे मी पाहिलं होतं.

दुपारी लेक म्हणाली, "आप्पा, त्या बोटीतल्या पोरीचा शेवटचा भाग वाचा की."

अण्णांच्या तोंडून ऐकलेला तो भाग मला पाठच होता; स्वतः कधी उघडून वाचला नव्हता. पोरगी तापानं फणफणते, भाऊ काढा पाजतो, ती उठून बसते. वाचत वाचत त्या पानावर आलो आणि थांबलो. छापलेलं वेगळंच होतं. पोरगी मरते, भाऊ एकटाच पुढं जातो.

अण्णांनी तो भाग वाचला तेव्हा मीही असाच झोपडीत तापात पडलो होतो. त्यांनी ऐनवेळी मनचं रचलं होतं. तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. मला भडभडून आलं.

"पुढं?" लेकीनं विचारलं.

"भावानं काढा पाजला. पोरगी उठून बसली," मी वाचलं.

लेकीनं मान हलवली. "उन्हात पसरलं हुतं तवाच वाचलंय मी. ती मरती." मग हळूच म्हणाली, "तुमी खोटं वाचलासा. म्हंजे मला गाठ आलीया, व्हय?"

बायको दाराशी थिजली. मी लेकीचाच हात धरून तिच्या काखेत नेला.

"चाचपून बघ. हाय काय गाठ?"

"न्हाय."

"मग गप ऐक."

आणि मी ते पान छापलंय तसं वाचलं, आवाज कापू न देता, त्या पोरीला मूठमाती देईपर्यंत. ऐकता ऐकता लेकीला झोप लागली. दिवस कलताना तिच्या कपाळाला घाम फुटला, तेव्हा कुठं बायको रडली.