कन्नडच्या नाक्यावरचं शून्य

नोकरीतल्या कितीतरी केसेस मी विसरलो, पण कन्नडच्या नाक्यावरची ती दुपार आठवली की आजही खुर्चीत स्वस्थ बसवत नाही.

जिल्हा तेव्हा औरंगाबादच होता. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना आळा घालायला मुख्यालयातून आम्हा पोलिसांना श्वास तपासायचं यंत्र नुकतंच मिळालं होतं. त्याआधी आम्ही तोंडाचा वास घ्यायचो आणि ड्रायव्हर बिनदिक्कत सांगायचा, "साहेब, खोकल्याचं औषध घेतलंय." आता नळीत फुंकर मारली की आकडा समोर! बाजाराच्या दिवशी घाट उतरून जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपांसाठी मी घाटाच्या बऱ्याच अलीकडे नाका लावला. चार बाजार झाले, प्रत्येक नोंद शून्य. वरिष्ठांनी शाबासकी दिली. मीही मिशीला पीळ देत हिंडत होतो.

पाचव्या बाजाराच्या सकाळी एक म्हातारी ठाण्यात आली. घाटाखालच्या वस्तीवरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. ठाणे अंमलदार अडवतोय तोवर ती माझ्या टेबलाशी पोहोचलीसुद्धा.

"सायेब, तुमचं मशीन बिघडलंय का?"

"का हो आजी?"

"मागल्या बाजारी तुमच्या नाक्यापुढच्या फाट्यावर मी जीपमधी बसले. काचंवर मोराचं चित्र हाय, ती. डायवर लई पिलेला. घाटात गाडी कठड्याला घासली. पोटुशी लेक संगं व्हती माझी. आज तिला घेऊन परत त्याच वाटंनं जायचंय. जाऊ का नको, तेवढं सांगा."

मी नाक्याचं रजिस्टर मागवलं. मोराच्या जीपची नोंद शून्य. लॉकअपमध्ये सकाळीच एक झिंगलेला गडी आणला होता, त्याला फुंकायला लावलं. यंत्रानं लगेच भलामोठा आकडा दाखवला. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं.

मग घोळ कुठे? रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर, लायसन्सचा नंबर आणि आकडा असे तीन रकाने होते. गाड्यांचे नंबर वेगवेगळे, म्हणून आजवर कुणी मधला रकाना पाहिलाच नव्हता. मी त्यावरून बोट फिरवत खाली आलो आणि ताडकन उठलो. अरे बापरे! एका दुपारच्या सात जीपा आणि लायसन्स एकच!

"साहेब, ते काका," हवालदार चाचरत म्हणाला. "लई शिस्तीचा माणूस. बदली ड्रायव्हर असतील म्हणून..."

"एका दुपारी सात गाड्यांवर बदली?" माझा पारा असा चढला की चहा देणारा दारातूनच परत गेला.

दुपारी आजींना आणि त्यांच्या लेकीला सरकारी गाडीतून नाक्यावर नेलं. मी साध्या कपड्यांत बाभळीखाली थांबलो. तासाभरात मोराची जीप आली. चालवायला पांढऱ्या टोपीतले काका, उमर साठीच्या पुढची. ऐटीत फुंकले. शून्य. मी पुढे झालो आणि किल्ली काढून घेतली.

"काका, आजची कितवी गाडी?"

"पहिलीच, साहेब. उभी हयात बस चालवली, दारूला शिवलो नाय."

"मग घाट कोण उतरणार?"

"मीच."

प्रवासी सगळे बाहेरची शेतं बघायला लागले. मागच्या सीटवर एकजण तोंडावर गमछा टाकून बसला होता. गमछा ओढला तसा भपकारा आला.

"हा कोण?"

"पॅसेंजर असंल," काका म्हणाले, पण नजर जमिनीवर.

दरडावून हा माणूस बोलणार नाही, हे मी ओळखलं. किल्ली मुठीत घट्ट धरली आणि शांतपणे म्हणालो, "बरं. आज हा पॅसेंजर चालवील. तुम्ही मागं बसा आणि घाट उतरून दाखवा."

काका दोन पावलं मागे सरले. "नाय साहेब. मी नाय बसणार."

"का?"

आजी पुढे आल्या, लेकीचा हात धरून.

"तू नाय बसत, अन् आमाला बसवून देतो व्हय रं बाबा?"

काकांनी टोपी काढली आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसले. मग सगळं सांगितलं. निवृत्त झाल्यावर घरात कुणी विचारीना. ही ड्रायव्हर मंडळी मात्र 'काका, तेवढी नाक्यापल्याड काढून द्या' म्हणत गळ घालायची. बरं वाटायचं. नाका ओलांडला की पिलेला ड्रायव्हर चाकावर बसायचा आणि काका शेतातल्या पायवाटेनं परत. त्यांचा जबाब लिहून घेतला. गमछावाल्याला फुंकवलं, मर्यादेच्या कितीतरी वर! काकांच्या नि आजींच्या जबाबावरून मागल्या बाजारच्या फेरीसाठी त्याच्यावर गुन्हा दाखल केला. पुढच्या बाजारापासून नाका घाटाच्या अगदी तोंडाशी नेला.

त्या दुपारी राहिले जीपमधले प्रवासी. काका उठले, डोळे पुसले. "साहेब, मी नेतो ह्यांना खालपर्यंत. खरंच नेतो." मी किल्ली दिली आणि एक शिपाई सोबत बसवला.

आजी दारात पाय ठेवून थांबल्या. "आधी फुंकायला लावा त्याला."

"आजी, आत्ताच फुंकलेत ते."

"तवा त्यो घाट उतरणार नव्हता. आता उतरणार हाय."

चार बाजार यंत्र हातात धरून मी आकडेच बघत राहिलो. फुंकणारा आणि चालवणारा एकच आहे का, हे बघायचं मला सुचलं नव्हतं. निवृत्त होईपर्यंत मग प्रत्येक नाक्यावर तेच आधी बघत आलो. त्या दिवशी मी मुकाट्यानं नवी नळी लावली. काका फुंकले. आजींनी आकडा मला मोठ्यानं वाचायला लावला आणि मगच लेकीला आत चढवलं.