दुसऱ्यांचा गाइड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात, तर हा किस्सा पुरा सांगायचा धीर मला होणार नाही. चहा गार झाला तरी चालेल, पण आधी ऐका.

आमच्या घराण्यात एक विद्या आहे, दुसऱ्यांच्या गाइडचं फुकट ऐकण्याची. वडील आम्हाला कितीदा तरी पन्हाळ्यावर घेऊन गेले, पण गाइड म्हणून कधी केला नाही. एखादा ग्रुप हेरायचा, चार हात लांब उभं राहायचं, नजर भलतीकडे आणि कान तिकडे. गाइडनं वळून पाहिलं की खाली वाकून बुटाची लेस बांधायची. निम्मा इतिहास मी लेस बांधता बांधताच शिकलोय.

इंग्लंडात, मेडनहेडला येऊन बरीच वर्षं झाली, पण ही विद्या काही सुटली नाही. सुटायची कशाला? इथे तर म्युझियमं फुकट, ग्रुपही भरपूर.

तर बँक हॉलिडेच्या सुट्टीत आम्ही दोघं एडिनबराला गेलो होतो. तिथल्या एका म्युझियममध्ये अमेरिकेतल्या रानावनांची चित्रं लावली होती, एकोणिसाव्या शतकातली. मंजिरी, म्हणजे आमची ही, म्हणाली, "अरे, ऑडिओ गाइड घेऊ या ना." मी म्हटलं, "काय गरज आहे? भेटेल कोणीतरी." तिनं माझ्याकडे बघितलं आणि सरळ कॅफेत कॉफी प्यायला निघून गेली. माझा वाचायचा चष्मा तिच्या पर्समध्ये होता, तोही गेला. चित्राखालच्या पाट्या म्हणजे मला नुसत्या मुंग्या.

पण चित्रं काय होती म्हणता! भिंतभर डोंगर, धबधबे, ढगांमधून सांडणारं सोनेरी ऊन. आणि एवढ्या पसाऱ्यात कुठेतरी कोपऱ्यात एक माणूस आणि एक घोडा, तेही शोधावे लागतात.

सगळ्यात मोठ्या चित्रासमोर माझं नशीब उघडलं. चार-पाच माणसं अर्धगोल करून उभी होती आणि एक चाळिशीची बाई हळू आवाजात त्यांना सांगत होती. शेजारी म्युझियमच्या घडीच्या स्टुलावर एक आजोबा बसले होते. हातात जांभळा स्कार्फ. मी आपला नेहमीप्रमाणे चार हातांवर उभा राहिलो.

"ती अमेरिकेला कधीच गेली नाही," बाई सांगत होती. "पण हा डोंगर तिला पाठ होता. शेवटी शेवटी डोळ्यांनी दगा दिला, तरी हे ऊन तिला दिसायचं."

मी तर थक्कच! न बघता अमेरिका रंगवली? आणि तीही एका बाईनं, त्या काळात, डोळे गेलेले असताना? लेसबिस विसरून मी थेट घोळक्यात घुसलो. घुसलो ते घुसलो, वर तोंडही उघडलं.

"ती वारली कधी?" मी विचारलं.

"मार्चमध्ये," बाई म्हणाली. सत्तरी ओलांडली होती, असंही तिनं सांगितलं.

मी मान डोलावली. "त्या काळाच्या मानानं बरंच आयुष्य मिळालं म्हणायचं."

बाई जरा गोंधळली. मला वाटलं, गाइड नवी दिसतेय. आजोबांनी मात्र वळून मला विचारलं, "तुम्ही मॉरीनला ओळखत होतात?"

आता इथे "नाही" म्हणायला काय झालं होतं? पण चारचौघांत एखादं नाव माहीत नाही असं म्हणणं आपल्या रक्तातच नाही. मी म्हटलं, "अर्थात! भारतातसुद्धा लोक ओळखतात त्यांना."

"भारतात?" आजोबा उठून उभे राहिले. "ती कधी बोलली नाही."

कलावंत माणसं कुठे आपली टिमकी वाजवतात, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यात त्या बाईनं माझा हात हातात घेतला. तिचे डोळे भरून आले होते. "प्लीज, तिच्याबद्दल काहीतरी सांगा ना. काहीही. आम्हाला ऐकायचंय."

तेव्हा तरी संशय यावा की नाही? पण मला वाटलं, इथे प्रेक्षकांनाही बोलायला लावतात. मी घसा साफ केला आणि मोकळा हात चित्राकडे करून चांगलं दणदणीत भाषण ठोकलं. निसर्गावर त्यांचं प्रेम होतं, यात वाद नाही, वगैरे. आणि शेवटी, आपण काही नुसतंच कौतुक करणाऱ्यांतले नाही हे दाखवायला म्हणालो, "पण माणसं बघा, कोपऱ्यात टाकलीत. मला वाटतं, माणसांवर त्यांचा फारसा जीव नव्हता."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"माझ्या आईचा?" बाई म्हणाली. "माणसांवर जीव नव्हता?"

मी म्हणणार होतो, अरे वा, म्हणजे कला घरातलीच! पण तोंड उघडता उघडता डोक्यात हिशोब सुरू झाला. एकोणिसावं शतक, आणि ही पोर चाळिशीची. मग तो जांभळा, बायकी स्कार्फ दिसला. आजोबा तो दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते. ही टूर नव्हती हो. एका बाईच्या घरची माणसं तिच्या लाडक्या चित्रासमोर तिची आठवण काढायला जमली होती, आणि मी तिथे जाऊन तिच्या लेकीला सांगत होतो की तुझ्या आईचा कोणावर जीव नव्हता.

कानशिलं तापली. पळून जावंसं वाटलं, पण हात अजून तिच्या हातात होता. शेवटी पुटपुटलो, "माफ करा. मी त्यांना ओळखत नव्हतो. मला वाटलं, हे चित्र त्यांनी काढलंय."

आजोबांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॉरीननं? तिनं आमच्या बाथरूमचं दार रंगवायला घेतलं होतं एकदा. अजून अर्धं तसंच आहे." ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी स्कार्फनंच डोळे पुसले.

लेक हसली नाही. भारतातल्या कोणाला तरी आपली आई आठवते, हे तिनं मिनिटभर खरं मानलं होतं. तिनं माझा हात सोडला आणि अगदी हळू म्हणाली, "आता आम्हाला जरा एकटं राहू द्याल का? प्लीज." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या "प्लीज"ची लाज अजून उतरलेली नाही.

मान खाली घालून वळलो, तर मागे एक गृहस्थ खाली वाकून बुटाची लेस बांधत होते. बुटाला लेस नव्हती. शेजारी त्यांची बायको स्वेटरवर साडी नेसून उभी होती.

मी त्यांच्या बाजूनं पुढे निघालो. मागून मराठीत कुजबुज ऐकू आली, "चल लवकर, गाइड पुढच्या खोलीत निघाला."

मला तोंड लपवायला जागा हवी होती, म्हणून मी टॉयलेट गाठलं. दोघं दारापर्यंत मागोमाग आले.