कवळीवाले काका आणि ताईचं हसू

कवळीवाले काका दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घडवत. त्यांच्या फोटो क्लबाचा या महिन्याचा विषय होता ‘हसू’, आणि काकांनी नुकतीच थोरल्या बहिणीची कवळी पुरी केली होती. फोटो आयताच मिळणार, असं त्यांना वाटलं. पण ताईला आठ वर्षं बोळक्या तोंडावर हात धरून हसायची सवय. काकांनी वीस वेळा कॅमेरा रोखला, वीस वेळा तिचा हात वर गेला.

क्लबच्या बैठकीत पडद्यावर त्यातलाच एक फोटो आला तेव्हा काका ओशाळले. “माफ करा, दात काही दिसत नाहीत.”

“अहो, डोळे बघा की,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

हसून बारीक झालेले, पाण्यानं डबडबलेले ते डोळे बघता बघता सगळी खोली हसायला लागली. फोटोला पहिला नंबर मिळाला.

घरी ताई मात्र हळहळली. “अरे, पण तुझी मेहनत कुणाला दिसलीच नाही.”

“कवळी ओळखू आली तर काम फसलं म्हणायचं,” काका म्हणाले आणि त्यांनी भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी तिच्यापुढे सरकवली. ताई खुशाल दाणे चावत बसली.