मानवलेलं औषध

बीएस्सी झाल्यावर मला अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत, रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बाबा फिटर होते, आई घर बघायची, आणि ताई लग्न होऊन बदलापूरला, खरवईला राहायला गेली होती. माझा पहिला पगार झाला तेव्हा बाबांनी विहारात सगळ्यांना खीर वाटली होती.

आवाज पहिल्यांदा आले ते त्याच लॅबमध्ये. मी पिपेटने नमुना घेत होते. पाठीमागून एक बाई म्हणाली, “बघ, आता हिचा हात थरथरेल.” त्यावर एक पुरुष हसला. मी वळून पाहिलं तर मागे नुसतं कपाट. मला वाटलं, पलीकडच्या खोलीतलं बोलणं एक्झॉस्ट फॅनमधून येत असेल. पण दुसऱ्या दिवशी ते दोघं रिक्षा स्टँडवर होते आणि संध्याकाळी आमच्या मोरीत. “आता साबण घेतला. आता रडेल बघ.” ते माझ्याशी कधीच बोलायचे नाहीत. माझ्याबद्दल एकमेकांशी बोलायचे.

काही आठवडे मी तोंड मिटून काढले. मग एके दिवशी आमच्या लॅबच्या मॅडमना सगळ्यांसमोर विचारलं, “तुम्ही माझ्या मागे माणसं का लावलीत?” मॅडमनी हातातलं काम खाली ठेवलं आणि बाबांना फोन करून बोलावून घेतलं. बाबा कामाच्या कपड्यांतच आले. गेटपासून घरापर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

आत्या म्हणाली, “बाहेरचं आहे हे. भगताला दाखवा.”

बाबा तिच्यावर खेकसले. “दीक्षा घेतली तेव्हाच आपण ते सगळं सोडलं. हा आजार आहे. आजाराला डॉक्टर असतो.”

डॉक्टर उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये बसायचे. खाली जीन्सचं वर्कशॉप आणि वर दवाखाना. ते सिंधी होते. हिंदीत सुरू करायचे आणि आईचा चेहरा बघून मराठीत यायचे. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. आईला ते म्हणता आलं नाही. ती अजूनही ‘डोक्याचं’ एवढंच म्हणते.

पहिल्या गोळीने माझं लाकूड केलं. चालताना हात हलेनात, मान एका बाजूला ओढली जायची, वरणाचा चमचा तोंडापर्यंत येईतो निम्मा सांडायचा. आवाज मात्र होते तसेच. फक्त आता त्यांना हसायला माझं चालणं मिळालं होतं.

डॉक्टरांनी गोळी बदलली. दुसरी मानवली असं वाटलं. आवाज शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखे झाले. चालू असायचे, पण शब्द लागायचे नाहीत. मी पुन्हा पेपर वाचायला लागले. नोकरी गेली होती, पण बाबा म्हणायचे, “दुसरी बघू, लॅबा काय कमी आहेत का?” मग माझी पाळी चुकली. पुढच्या महिन्यातही आली नाही. आणि एका सकाळी उठले तर कुर्ता छातीपाशी ओला होता.

मी तो कुर्ता धुवायच्या कपड्यांत तळाशी ढकलला. आईच्या हाताला तो लागायचाच होता. तिने तो हुंगला, दाराला कडी लावली आणि माझ्यासमोर बसली.

“खरं सांग. कोणाचं आहे?”

माझ्या डोक्यातली ती बाई कितीतरी दिवसांनी स्पष्ट ऐकू आली. ती त्या पुरुषाला तेच विचारत होती, कोणाचं आहे हिचं. मी आईच्या ओठांकडे बघत राहिले. यातलं नक्की कोण बोललं ते मला कळेना.

“आई, मी कुठे जाते तरी का? तू तर चोवीस तास माझ्याजवळ असतेस.”

“मग हे दूध कुठून आलं?”

त्या आठवड्यात माझाही स्वतःवरचा विश्वास उडाला. माझ्या नकळत काही घडलं असेल का, असं मी स्वतःला विचारत राहिले. पोटावर हात ठेवून हालचाल लागते का बघायची, आणि लागायचीसुद्धा.

अंबरनाथमध्ये कोणी ओळखीचं भेटेल म्हणून आईने मला उल्हासनगरच्या एका लेडी डॉक्टरकडे नेलं. तपासणी झाली. काहीही नव्हतं. त्या बाईंनी चालू गोळ्या बघायला मागितल्या आणि आम्हाला पुन्हा आमच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

“ये दवा का असर है,” ते म्हणाले. “असं होतं कधी कधी. पाळी थांबते, दूध येतं. पहले क्यों नहीं बताया?”

शेअर रिक्षात आम्ही दाटीवाटीने बसलो होतो. आई पदर तोंडात कोंबून रडत होती. माफी मागणाऱ्यातली ती नव्हतीच. घरी आल्यावर तिने तेल कोमट केलं आणि कितीतरी वेळ माझ्या डोक्यावर घालत बसली. ज्या औषधाने आवाज दूर नेले होते, त्यानेच मला आईसमोर गुन्हेगारासारखं बसवलं होतं. डॉक्टरांनी डोस कमी केला, पण मी गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकायला लागले.

आवाज परत आले ते आधीपेक्षा मोठे. हवापालट म्हणून ताईने मला खरवईला नेलं. तिची बिल्डिंग नवी होती, आजूबाजूला अजून बांधकामं चालू होती. टाकीच्या पाण्यात काही घातलंय, असं ते दोघं बोलायचे. मी पाणी सोडलं. मग एक दिवस ताईचा डोळा चुकवून बाहेर पडले. दाजींना मी एका अर्धवट इमारतीत, उघड्या जिन्यावर सापडले. पायात चप्पल नव्हती आणि ओठ फुटले होते. ताईने त्यानंतर मला कधी राहायला बोलावलं नाही. तिच्या घरात लहान मूल होतं. मी तिला काय बोलणार!

पुढच्या रविवारी बाबा म्हणाले, “चल, रिक्षा सांगितलीय.”

“कुठे जायचंय?”

“चल म्हटलं ना.”

रिक्षा बदलापूर सोडून एका गावात गेली. भगताच्या अंगणात मिरच्यांचा धूर होता. त्याने माझे केस धरले, लिंबू फिरवलं, पाठीवर केरसुणीने मारलं. “कोण हाय तू? बोल!” असं तो माझ्यावर ओरडत होता. खोकून खोकून माझा जीव जात होता. दाराच्या चौकटीतून मला बाबा दिसले. ते शेंदूर फासलेल्या दगडासमोर उकिडवे बसले होते आणि त्यांनी हात जोडले होते. मी जन्मात त्यांना तसं पाहिलं नव्हतं. “बघ,” ती बाई म्हणाली, “हिच्या बापाने हात जोडले.” आणि दोघं खूप हसले.

येताना बाबा रस्त्याकडे बघत होते. त्यानंतर पौर्णिमेला ते विहारात जायचे बंद झाले. कोणी विचारलं की म्हणायचे, गुडघे दुखतात.

शेवटी मला ॲडमिट केलं. तिथे आणखी एक औषध पुरेसे आठवडे देऊन पाहिलं, त्याचाही उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी बाबांना बसवून सांगितलं, “आता एकच राहिलंय, क्लोझापिन. दर आठवड्याला रक्त तपासावं लागेल. पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर जिवाला धोका आहे.”

“आणि नाही दिलं तर?”

“आप देख ही रहे हैं,” डॉक्टर म्हणाले.

दर आठवड्याला रक्त. दंडाच्या शिरा काळ्यानिळ्या पडल्या. झोपेत लाळ गळून उशी भिजायची. मी फुगत गेले आणि दुपारपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. महिने गेले. एकदा मी मेथी निवडत बसले होते आणि एकदम घाबरले.

“आई, तू काही म्हणालीस?”

“नाही गं.”

“कोणीच काही म्हणालं नाही?”

आईने माझ्याकडे पाहिलं आणि परात बाजूला सारली. संध्याकाळी तिनेच बाबांना सांगितलं. बाबा मोरीत गेले आणि तोंड धूत राहिले. नळाचा आवाज बराच वेळ येत होता.

औषध सापडलं म्हणजे सगळं मार्गी लागलं, असं लोकांना वाटतं. डोकं शांत झालं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी लॅबमध्ये सगळ्यांसमोर काय बोलले होते, ताईच्या मुलाने काय पाहिलं असेल. आजारात मी कोणाच्या तरी कटातली मोठी व्यक्ती होते. आता मी अंबरनाथमधली एक जाड, पेंगुळलेली बाई होते, जिच्या मागे कोणीही नव्हतं. मी त्या मॅडमना जाऊन भेटले. त्यांनी चहा मागवला, “छान दिसतेस” म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर रंगाच्या दोन पट्ट्या होत्या. सवयीने मी उचलून उजेडात धरल्या. डोळ्यांवर इतकी झापड होती की दोन्हींतला फरक मला दिसला नाही. मॅडमनी त्या हळूच माझ्या हातातून घेतल्या.

काही वर्षांनी बाबा हार्ट ॲटॅकने गेले. विहारातल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून घरभर बसल्या होत्या. मला रडू येत नव्हतं. आत कुठेतरी दुखतंय हे कळत होतं, पण तिथपर्यंत हात पोचत नव्हता. आईने मला कोपराने ढोसलं. “रड ना गं,” ती कुजबुजली. “बाप गेला तुझा.” मी तोंड ओंजळीत लपवून बसून राहिले.

आता कॅम्प तीनवरून जीन्सचे गठ्ठे घरी येतात आणि मी त्यांचे धागे कापते. गोळी आईच हातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहते. मागे एकदा तिने विचारलं, “माझ्यामागे तुला कोण देईल गं?”

“मी घेईन माझी मी.”

तिने मान हलवली, पण विश्वास तिलाही बसला नाही आणि मलाही. मग ती उठून कुकर लावायला गेली.