आठवीचं गणित आणि कपड्यांची दोरी

आमची मुलगी आठवीत असताना सहा महिने घरी बसली. आजारी नव्हती, नापास झाली नव्हती. आम्ही घर घेतलं, हा तिचा आजार. गिरगावातली एक खोली सोडून आम्ही दिवाळीनंतर कोपरखैरण्याच्या नव्या इमारतीत राहायला आलो. तेव्हा तिथे इमारती होत्या, गवत होतं आणि वारा होता. वाशीच्या शाळेत गेलो तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आता मधेच? जूनमध्ये आणा. गणिताची परीक्षा घेऊ, मग नववीचं बघू." रोज गिरगावला पाठवायचं म्हटलं तर जाऊन येऊन अख्खा दिवस बसमध्ये. पोरीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या आणि मला काळजी लागली, कारण सहामाहीला गणितात तिचे इतके कमी मार्क होते की प्रगतिपुस्तक मी देवांच्या फोटोमागे ठेवलं होतं.

त्यात वास्तुशांतीला माझे थोरले दीर त्यांची कातडी बॅग घेऊन आले. त्यांना आम्ही नवराबायको दादा म्हणायचो, पोर काका. कराडला हायस्कुलात गणित शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पुरणपोळीचा दुसरा घास घेता घेता त्यांनी निकाल दिला.

"मे महिन्यात मी येतो आणि हिची परीक्षा घेतो. जमलं तर ठीक. नाही जमलं तर माझ्याबरोबर कराडला. माझ्या डोळ्यांसमोर नववी, दहावी. विषय संपला."

आमचे हे लगेच म्हणाले, "बरं दादा." ह्यांनी आयुष्यात दादांना दुसरं उत्तर दिलेलं नाही. मी मात्र वाढता वाढता तुपाची वाटी आपटली. एकुलती एक पोर, ती काय म्हणून दुसऱ्याच्या घरी वाढायची? दादा देवमाणूस होते, जाऊबाईही जिवाला जीव देणाऱ्या. पण माझी पोर मला हवी होती. त्या रात्री मी ठरवलं की हिला गणित मीच शिकवणार. मी जुनी मॅट्रिक, त्यातही शिवणकामावर जीव जास्त. पण हट्टाला काय लागतं?

आता शिकवायचं कसं? ह्यांचा स्वभाव सरकारी. घरात पंखा घ्यायचा तरी तीन ठिकाणचे भाव काढणार. "अभ्यासक्रम नीट पारखून घेऊ," म्हणाले. ऑफिसातल्या एका साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की हल्ली मुलांना हाताने करायला देतात, पाठांतर बंद. त्या साहेबांकडून हे रंगीत लाकडी ठोकळ्यांची पेटी उसनी घेऊन आले. खेकड्यासारखे तिरके, त्रिकोणी, लांबट, सगळ्या तऱ्हेचे ठोकळे. पोरीने आठवडाभर त्यांची बांधणी केली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "आपली इमारत बनवली. जिन्यात उजेड नाही तोसुद्धा दाखवलाय."

"आणि अपूर्णांक?"

"ते लहान मुलांसाठी असतं गं आई. मी काय बालवाडीत आहे?"

खरं होतं तिचं. चौदाव्या वर्षी मिशा फुटायच्या वयाच्या पोरांना कोणी लाल-पिवळे ठोकळे देतं का? पण हे हार मानणारे नव्हते. पुढचा अभ्यासक्रम त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचला, स्वयंपाकघरातून गणित. मला भाकरी थापायला लावली, तिचे तीन अष्टमांश, पाच अष्टमांश असे तुकडे करवले. पोर बेरीज सांगेपर्यंत हे वजाबाकी करून मोकळे. लसणाच्या चटणीबरोबर. "अहो, उत्तर खाल्लंत तुम्ही!" असं मी ओरडले, तर म्हणतात, "मग शून्य उरलं म्हणून लिही की."

तिसरा अभ्यासक्रम माझा. म्हटलं, कापडाला माप लागतं, कोन लागतो, निम्मं-पाव लागतं, शिवण म्हणजे सगळं गणितच. ह्यांचा पायजमा बेतायला दिला. मन लावून बेतला हो तिने, खडूने रेघा काय, घडी काय! घालून बघितला तर एक पाय घोट्यापर्यंत आणि दुसरा पोटरीवर. हे त्याच पायजम्यात दूध आणायला खाली गेले आणि सगळ्या सोसायटीला आमच्या घरातल्या गणिताची कल्पना आली.

फेब्रुवारी उजाडला. मला रात्री दादांची ती कातडी बॅग स्वप्नात दिसायला लागली, आणि तिच्या शेजारी पोरीची ट्रंक. चिडचिड नुसती. पोरीलाही टेन्शन आलं होतं, पण ती दाखवायची नाही. फक्त एकदा भांडी विसळताना म्हणाली, "कराडला समुद्र नाही ना?" आमच्या गॅलरीतून दिसते ती खाडी, समुद्र नव्हे, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही.

आमच्या इमारतीसमोर मोकळं रान होतं आणि रानापलीकडे बोनकोडे गाव. त्या रानात सोसायटीतल्या पुरुषांनी बॅडमिंटनचं कोर्ट आखलं होतं, नजरेच्या अंदाजाने. ते इतकं तिरकं की फूल आत पडलं की बाहेर, यावरून रोज संध्याकाळी भांडण. एकदा तर बँकेतले आणि टेलिफोनमधले असे दोन तट पडून आठ दिवस बोलणं बंद. पोर गॅलरीतून बघत होती. एकदम म्हणाली, "आई, चारही कोपरे चुकलेत. काटकोन एकही नाही."

"मग कर ना सरळ!" मी खेकसले. "तोंडाने कोणीही सांगेल."

ती आत गेली, पुस्तक उघडलं आणि त्यात काटकोन त्रिकोणाचं ते प्रमेय काढलं, जे तिने तोवर दहा वेळा घोकून अकरा वेळा विसरलं होतं. बाजू तीन, चार आणि पाच असल्या की पाचाच्या समोरचा कोन काटकोन. तिने गॅलरीतली कपड्यांची दोरी सोडली. बनियन, टॉवेल सगळं माझ्या अंगावर. मग माझ्या शिवणाच्या टेपने सारखी अंतरं मोजून दोरीला तेरा गाठी मारल्या, मधली अंतरं बारा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मायलेकी रानात. चार खुंट्या, एक दगड आणि डब्यात चुन्याची फक्की. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. "दोरी ताठ धर गं, सैल सोडतेस!" असं मी तिच्यावर ओरडायची, आणि ती माझ्यावर. तीन गाठींवर खुंटी, चारावर खुंटी, पाचाची बाजू ताणली, आणि बघते तर काय, कोपरा असा टणटणीत उभा राहिला! पोरीचा चेहरा मी बघतच राहिले. मग आम्ही फक्कीची पांढरी रेघ ओढत निघालो.

तिसऱ्या रेघेपाशी गावाच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. बघितलं तर पंधरा-वीस बायका पदर खोचून धावत येताहेत, आणि सगळ्यांच्या पुढे आमची कोळंबीवाली मावशी. रोज सकाळी टोपली घेऊन आमच्या जिन्यात बसणारी, मला वाटा वाढवून देणारी मावशी! तिने येऊन पहिली खुंटीच उपटली.

"शेती घेतली, मिठागर घेतलं," ती कडाडली, "आता अंगनाला पन हात घालताव? कोनी पाठवली तुला मोजनीला?"

मी हातातला फक्कीचा डबा खाली ठेवला. मग लक्षात आलं. या लोकांनी खुंट्या आणि फक्की एकदाच, सरकार जमीन मोजायला आलं तेव्हा, बघितली होती, आणि त्यानंतर त्यांची शेतं गेली होती. आमच्या इमारती त्याच शेतांवर उभ्या. रानात चुन्याची रेघ दिसली की बोनकोड्यात चूल टाकून माणसं धावणार, नाहीतर काय करणार?

"मावशी, बॅडमिंटन आहे," मी म्हटलं.

"त्यो कोन सायेब?"

मी गडबडले. पण पोर पुढे झाली. दोरी जमिनीवर पसरली आणि त्या सगळ्या बायकांना तीन, चार, पाच समजावून सांगायला लागली. एक बाई म्हणते, पाचाऐवजी सहा घेतलं तर? पोरीने घेऊन दाखवलं, कोपरा फाकला. दुसरी म्हणाली, गाठी लांब लांब मारल्या तर? तेही दाखवलं. घरात "समजलं?" विचारलं की "हो" म्हणून पळणारी ही पोर त्या उन्हात तासभर बोलत होती. शेवटी मावशी खाली बसली, उपटलेली खुंटी परत ठोकली आणि म्हणाली, "मंग माझा अंगन मोजून दे. दोगं पोर वाटनीवरशी भांडतान. सरकारी मानसाला मी दारान उभा नाय करनार."

बस्स, आमचा अभ्यासक्रम ठरला. मावशीचं अंगण म्हणजे धड चौकोन नाही की त्रिकोण नाही, मध्ये शेवग्याचं झाड आणि कोपऱ्यात कोंबड्यांचं खुराडं. पोरीने त्याचे त्रिकोण पाडले, एकेकाचं क्षेत्रफळ काढलं आणि बरोबर निम्म्यावर रेघ ओढली. ती नेमकी शेवग्याच्या बुंध्यातून गेली. मग शेंगा कोणाच्या, यावर दोन्ही मुलगे पुन्हा भांडले, पण ते गणित आमच्याकडे नव्हतं. त्यानंतर एकामागून एक अंगणं आली. पायाचा वर्ग, कर्णाचा वर्ग हे शब्द पोरीच्या तोंडात भाजी-आमटीसारखे रुळले. मोबदला म्हणून घरी इतकी कोळंबी यायला लागली की हे म्हणाले, "हा अभ्यासक्रम उत्तम आहे."

मे महिन्यात दादा यायच्या दिवशी हे ऑफिसात आणि आम्ही दोघी बोनकोड्यात, एक अंगण अर्ध्यावर. घराला कुलूप बघून दादांनी खाली विचारलं, कोणीतरी गावाकडे बोट दाखवलं. आता दादांचा थाट ऐका. डोक्यावर टोपी, हातात छत्री, काखेत ती कातडी बॅग, आणि पुतणीची परीक्षा घ्यायची म्हणून शाळेतला फळ्यावरचा तो भलामोठा लाकडी कंपास आणि लाकडी गुण्या, उघड्यावर! असा माणूस एकटा बोनकोड्यात शिरला.

आम्हाला गलका ऐकू आला तेव्हा दादा एका ओट्यावर बसले होते आणि गावाने त्यांना गराडा घातला होता. मावशीने कंपास जप्त केला होता.

"मी शिक्षक आहे हो!" दादा घामाघूम होऊन सांगत होते.

"समदे मोजनीवाले असाच सांगतान," मावशी म्हणाली. तरी पाण्याचा तांब्या तिने पुढे ठेवला होता, ते मात्र खरं.

"मावशी, सोडा त्यांना, माझे काका आहेत!" पोर धावत गेली. मी मागे पदर तोंडाला लावून उभी. हसू आवरेना आणि भीतीही वाटत होती.

दादांनी टोपी नीट केली, समोरचं अंगण बघितलं, आमची दोरी बघितली. "याचं क्षेत्रफळ काढ," म्हणाले. परीक्षा तिथेच सुरू. पोरीने काढलं. दादांनी स्वतः मोजून ताळा केला, मग आणखी एकदा केला. मग हळूच म्हणाले, "लंब कसा टाकलास दाखव." तिने दाखवला. मी कुलदैवताला नारळ बोलले.

"जमतंय," दादा मला म्हणाले. "राहू दे तुमच्याकडेच."

जिंकले हो मी! घरी येऊन शिरा केला, तूप सुटेपर्यंत भाजला. पानं घेतली. हे खुशीत, दादा खुशीत. आणि पोर दादांना विचारते, "काका, अंगणाची एक कड वाकडी असली, खाडीच्या काठासारखी, तर त्रिकोण बसतच नाहीत. मग कसं मोजायचं?"

दादांनी हातातला घास ताटात ठेवला. "ते पुढे आहे. खूप पुढे. पण माझ्याकडे पुस्तकं आहेत. संध्याकाळी शिकवू शकलो असतो मी."

"मग मी येते तुमच्याबरोबर," पोर म्हणाली.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा "बरं दादा" म्हणाले नाहीत. मी म्हटलं, "आधी शिरा खा. गार होतोय." दुसरं काय बोलणार होते? माझ्या तोंडाला तो शिरा कडू लागला. राग आला तोही माझाच मला. कराड टळावं म्हणून जे तिच्या हातात दिलं, तेच घेऊन ती निघाली होती.

जूनच्या सुरुवातीला ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने जिन्यात टोपली टेकली. "बाय, पोर कुठं हाय? माझ्या जावेचा अंगन राहिलाय."

"गेली. कराडला, शिकायला."

"आनि काय शिकाचा राहिला तिचा?"

"खाडीचा काठ मोजायला शिकणार आहे."

मावशीने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "मंग आमचा आता कोन मोजनार?"

नाही म्हणणार होते. घरात कामं पडली होती. पण गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढले, दोरी सोडली आणि खाली उतरले. "चला," म्हटलं, "दुसरं टोक तुम्ही धरा."

त्यांच्या जावेच्या अंगणात आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो. मी तीन गाठी मोजल्या, चार मोजल्या, आणि पाचाच्या बाजूला मोजणं चुकलं. परत सुरुवात केली, परत चुकलं.

"अगं बाय, ताठ धर ना," पलीकडून मावशी ओरडली, "सैल सोडतंस!"

मला गाठीच दिसत नव्हत्या. पदराने डोळे पुसले आणि दोरी ताठ धरली.