दंडाला बांधलेली सुतळी

साखऱ्याच्या शाळेत शिकवायला जायला गोरेगावहून एस.टी. होती. तरी मी रोज सवारी नेणाऱ्या एका जीपवाल्याच्याच जीपनं जायची. "कान फुटतील तुझे," घरचे म्हणायचे.

जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन काढून त्यानं ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलं होतं. काळ्या चिखलात एस.टी. अडायची, ही गुरगुरत निघायची. पण आवाज असा, की शेजारणीशीही खुणांनीच बोलायचं. उतरायचं असलं की पुरुष त्याच्या खांद्यावर थाप मारत.

पहिल्याच दिवशी साखरा आलं. मी "थांबा" म्हटलं, ते मलाच ऐकू आलं नाही. परक्या माणसाच्या खांद्याला हात कसा लावायचा? साखरा मागं गेलं. पुढच्या गावात सगळे उतरले, मी रडवेली होऊन बसलेली. त्यानं आरशात पाहिलं. गाडी वळवली आणि मला शाळेच्या दारात सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दंडाला सुतळी होती. दुसरं टोक बायांच्या बाकाला बांधलेलं.

"बाई, उतरायचं तवा हे ओढा. गाडी माही वरडते, तुमी काहून वरडावं?"

मग बाजाराच्या बाया, लेकुरवाळ्या, सगळ्याच ती ओढू लागल्या. सदऱ्याची बाही तिथं विरली, तिला ठिगळ लागलं. सुतळी काही सुटली नाही.

माझी बदली झाली. शेवटच्या दिवशी आभार मानायचे होते, पण इंजिन धडधडत होतं. गाडी थांबलेली असतानाच मी सुतळी पुन्हा एकदा, हळूच ओढली.

मागं न बघता त्यानं हात कपाळाला नेला.