केळीच्या काट्यावर बायकोचं वजन

आमच्या भावकीत आजही सांगतात की माझ्या थोरल्या मुलीचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, तो तिच्या आईच्या गोड खाण्यामुळे. हे खरं नाही. गोडाची ही गोष्ट पहिल्यांदा मीच बोललो होतो, म्हणून ती खोडायचं कामही माझंच आहे.

ऐंशीच्या दशकात मी रावेरला केळीच्या वखारीत मापाडी होतो. घड काट्यावर चढायचे, मी वजन सांगायचो, हमाल ते ट्रकमध्ये पाल्यात रचायचे. बायको सोनगीरची, कोरडवाहू घरातली. बाजरीच्या भाकरीवर वाढलेली, काटक, पण दिसायला बारीक. लग्नाला दोन वर्षं झाली तरी मूल नव्हतं. माझी आई म्हणायची, "अंगावर मांस नाही, तं पोर कसं टिकीन?" मला ते पटलं. मी रोज पाहत होतो, ज्या बागेला खतपाणी भरपूर त्या बागेचा घड जड. माणसाचंही तसंच असावं, असं वाटलं आणि ते ताडून पाहायची उत्सुकता लागली.

अमावस्येला हमालांची सुट्टी, वखार बंद. अशा एका दुपारी मी बायकोला मागच्या दाराने नेऊन काट्यावर उभं केलं. एक्केचाळीस किलो.

आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "अवसेच्या दिवशी सुनेले तोलतो कायले? दुसरा दिवस नाही भेटला?"

"दुसऱ्या दिवशी काट्यावर केळी असतात."

मग सुरू झालं. सकाळी दूध-साखर घालून केळीचं शिकरण. दहा वाजता आईने बांधलेला दराब्याचा, म्हणजे गव्हाच्या रव्याचा तूप-साखरेतला लाडू. दुपारी भात, तूप-साखर लावलेली पोळी. भाकरी बंद, कारण ती गरिबाघरचं खाणं, आणि मला आता पगार होता. जेवताना आई समोर बसायची आणि ताट रिकामं झाल्याशिवाय उठू द्यायची नाही. तिची शेतातली कामंही बंद केली, अंग झिजू नये म्हणून.

दर अमावस्येला आम्ही काट्यावर. वखारीचा म्हातारा राखणदार बिडी ओढत विचारायचा, "काय भाऊ, घड भरला का?" मी आकडा सांगायचो, तो मान डोलवायचा. बायको म्हणायची, "मी काय केळीना घड शे का?" पहिल्यांदा ती हसून म्हणाली. चौथ्या-पाचव्या वेळी हसली नाही. ते मला दिसलं होतं, पण मी काट्याकडे पाहत होतो.

दहा महिन्यांत ती अठ्ठावन्न किलोची झाली.

याच काळात आईला शंका आली की सून लपून काहीतरी खाते. खरंच खात होती. शेजारी गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याचं घर होतं. त्याची बायको ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी करायची. माझी बायको मागच्या अंगणात उभी राहून तिच्याकडून चतकोर भाकरी आणि ठेचा खायची. मी एकदा तिला तसं पाहिलं. आईला सांगितलं नाही, पण बायकोला म्हणालो, "आपल्याकडे काय कमी आहे?" तिने तोंड पुसलं आणि आत गेली.

दिवस राहिले. आईने गावभर पेढे वाटले, मला वाटलं माझा हिशेब बरोबर निघाला. सातव्या महिन्यात बायकोला सारखी तहान लागायला लागली. हंडा संपायचा, रात्री चार-चारदा उठायची. जळगावला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासणीत साखर निघाली. गरोदरपणातला मधुमेह असा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

बाईंनी विचारलं, "आधी खाणं कसं होतं? दिवस राहायच्या आधी वजन किती होतं, वाढलं का?"

त्या खोलीत तिची दहा महिन्यांची वजनं तोंडपाठ असलेला माणूस एकच होता. मी म्हणालो, "वजन काही आठवत नाही. गोडाची आवड आहे तिला." शेजारी बसलेल्या आईने लगेच भर घातली, "लपू लपू खाते, बाई." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो.

पथ्य झालं, इंजेक्शनं झाली. मूल तरीही साडेचार किलोचं झालं. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. मुलगी वाचली, बायको वाचली, मुलीचा उजवा हात लुळा पडला. तेल-मालिश, व्यायाम करून तो बराचसा सुधारला, पूर्ण सुधारला नाही.

मुलगी तीन वर्षांची असताना हात दाखवायला गेलो, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना एकट्यानेच गाठून सगळं सांगितलं, अमावस्या आणि काट्यासकट. मला जाणून घ्यायचं होतं, नेमकं कशामुळे झालं? त्या म्हणाल्या, "एकच कारण नाही सांगता येत. तुमच्या सासऱ्यांना साखर होती ना? ते एक. पण दिवस राहण्याआधी झपाट्याने वाढवलेलं वजन, बसून राहणं, रोजचं गोड, हेही धरावं लागतं. बायका गरोदर झाल्यावर खाण्याची चौकशी होते, आधीच्या वर्षाची कुणी करत नाही."

"मी तेव्हाच खरं सांगितलं असतं तर?"

"उपचार तेच केले असते. पण हे मला कशाला सांगताय? घरी सांगा."

घरी मी सांगितलं नाही. माझ्या खोटेपणाने औषध बदललं नव्हतं, असं मी मनाशी घोळवत राहिलो. बदललं होतं ते दुसरंच. घरात कुणी गोड वाढलं की कुणीतरी म्हणायचं, हिच्यापासून डबा लांब ठेवा.

मुलगी बाराएक वर्षांची झाली. एकदा बायकोने तिला तिसरा लाडू नाकारला, तर ती म्हणाली, "माझ्या वेळेला तू लपून खाल्लेस, तेव्हा कुणी अडवलं नाही का?"

बायको भांडी घासत होती, घासतच राहिली. मी मुलीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग आई लपून काय खायची?"

"भाकरी."

"नुसती भाकरी?"

"ठेचा असायचा," बायको म्हणाली. मग हात धुऊन माझ्यापुढे उभी राहिली. इतक्या वर्षांत घासून गेलेली सोनगीरची बोली तिच्या तोंडी आली. "हाई तुमनी मायले सांगा."

आई बाहेर ओट्यावर डाळ पाखडत होती. सुपाचा आवाज आत येत होता. मी उठलो नाही.

आई त्यानंतर सहा वर्षं जगली. प्रत्येक लग्नात, पंगतीत, तिने सुनेच्या गोडाची ती गोष्ट सांगितली आणि मी खाली मान घालून जेवलो.

हे लिहिलेलं काल बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, कागद घरापुरता नको, ज्यांनी पंगतीत ऐकलं त्यांना पंगतीतच वाचून दाखवा. पुढच्या महिन्यात पुतण्याच्या मुलाचं लग्न पिंपळनेरला आहे. मी जाणार आहे.